फाउंड्रीत एच.आर. म्हणून रुजू होताय? आधी माणसाचं ऐका, मग त्याच दिवशी कागद करा

एमएसडब्ल्यू करून मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागलो, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. फेटलिंगमधला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या खात्यातला, एक कामगार सलग अकरा दिवस आला नाही. 'नाव कमी करून टाका' असा वरून निरोप आला. मी मस्टरवर लाल शाईने 'स्वतःहून काम सोडले' असं लिहिलं आणि फाइल बंद केली. त्याचे वडील सीपीआर रुग्णालयात दाखल होते, हे मला बाराव्या दिवशी तो गेटवर आला तेव्हा कळलं. तोवर कागद झाला होता आणि मागे घ्यायला कुणी तयार नव्हतं. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं, काही वर्षं चाललं आणि आम्ही हरलो. मागच्या पगाराचा बराच भाग भरून त्याला परत घ्यावं लागलं. मधल्या काळात घर चालवायला त्याने दारातली म्हैस विकली होती.

हा लेख त्या प्रकरणामुळे लिहितोय. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत किंवा उद्यमनगरातल्या एखाद्या मशीनशॉपमध्ये तुम्ही एच.आर. किंवा टाइम ऑफिसमध्ये नव्याने बसणार असाल, तर ही वाट तुम्हाला आधीच माहीत असावी. चाळीस ते तीनशे माणसांचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण आपल्याकडे पहिली नोकरी बहुधा तिथेच मिळते.

पहिल्या दिवशी मागून घ्यायच्या फायली

- कारखाना परवाना आणि मंजूर नकाशा
- पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधीचे नोंदणी क्रमांक, पोर्टलच्या लॉगिनसह
- गेल्या बारा महिन्यांची हजेरी आणि पगारपत्रकं
- स्थायी आदेश (कारखान्यातले नोकरीचे आणि शिस्तीचे नियम) असल्यास त्यांची प्रत, युनियनशी झालेले करार
- ठेकेदारांचे करार, परवाने आणि त्यांची पीएफ चलनं
- महिला तक्रार समिती (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची) नेमल्याचा आदेश
- चालू असलेल्या सगळ्या न्यायालयीन प्रकरणांची यादी, पुढच्या तारखांसह

शेवटची यादी बहुतेक ठिकाणी तयार नसते. कंपनीच्या वकिलांकडे स्वतः जाऊन ती करून घ्या. तिचा उपयोग सहाव्या पायरीत कळेल.

१. आधी डोकी मोजा

कुठला कायदा लागतो हे माणसांच्या संख्येवर ठरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. बाजारात मिळणाऱ्या जुन्या गाइडवर विसंबू नका.

ढोबळ हिशेब असा ठेवा. १० माणसं झाली की ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि महिला तक्रार समिती. २० झाली की पीएफ, बोनस आणि तक्रार निवारण समिती. विजेवर चालणारा कारखानाही आता २० पासून 'कारखाना' ठरतो. ५० ला पाळणाघर, ठेका कामगारांच्या तरतुदी आणि ले-ऑफची, म्हणजे काम देता न आल्याने बसवून ठेवल्याची, भरपाई. १०० ला कँटीन. २५० ला कल्याण अधिकारी. ३०० ला स्थायी आदेश, आणि कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी.

पीएफ आणि ईएसआयसाठी ठेकेदाराची माणसंही मोजली जातात. 'आमची पक्की माणसं सोळाच' हे उत्तर तपासणीत टिकत नाही. एकाच शेडमध्ये मालकांच्या नावाने एक आणि वहिनींच्या नावाने एक अशा दोन फर्म असतील, तर त्या वेगळ्या धरल्या जातील असं गृहीत धरू नका.

दुसरा घोळ 'सुपरवायझर' या शब्दाचा. एखाद्याला सुपरवायझर हा हुद्दा दिला म्हणून तो कामगार राहत नाही, असं नसतं. न्यायालय त्याचं खरं काम बघतं. दिवसभर मशिनवर उभा राहणारा माणूस कागदावर सुपरवायझर असला तरी कामगारच. खरोखर देखरेखीचं काम असेल तरच पगाराची मर्यादा बघायची. औद्योगिक संबंध संहितेत ती महिना १८,००० रुपये आहे.

२. नेमणूकपत्र आणि नावाची भानगड

नेमणूकपत्र आता प्रत्येकाला द्यावंच लागतं, मग तो मोल्डर असो की झाडूवाला. मराठीत द्या. हुद्दा, रुजू तारीख, पगाराची फोड, पाळ्या आणि नोटीस कालावधी त्यात असू द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर सही घ्या. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार असतील तर हिंदी प्रतही सोबत द्या. वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवा आणि 'वाचून दाखवले, समजले' असं लिहून वाचणाऱ्याचीही सही घ्या.

यापेक्षा जास्त वेळ नावात जातो. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं. दाखल्यावर 'बाळासो', आधारवर 'बाळासाहेब'. बाईंचं आधार माहेरच्या नावाने, बँक खातं सासरच्या. जन्मतारीख तर अनेकांची गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली. नेमणुकीच्या दिवशी हे सगळं किरकोळ वाटतं. दहा वर्षांनी मुलीच्या लग्नाला पीएफ काढायला कामगार येतो, अर्ज तिसऱ्यांदा फेटाळला जातो आणि तो तुमच्या टेबलासमोर उभा राहतो.

म्हणून रुजू होतानाच:

- आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून घ्या.
- 'आधीचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, आहे का?' हे दोनदा विचारा. आधी ठेकेदाराकडे काम केलेलं असेल तर यूएएन असतोच, पण त्याला ते माहीत नसतं. दुसरा काढलात की पुढे दोन खाती जोडत बसावं लागतं.
- नावात फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करायला लावा, मग पीएफमध्ये नोंद करा.
- वारस नोंद त्याच दिवशी भरून घ्या. लग्न झाल्यावर ती बदलावी लागते हेही सांगून ठेवा.

३. पगारपत्रक

महिन्याच्या पगाराला पुढच्या महिन्याच्या ७ तारखेची मर्यादा. पीएफ आणि ईएसआयला १५ तारखेची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर या दोन तारखांना लाल गोल करा. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ मुदतीत भरला नाही, तर ती रक्कम मालकाला आयकरात खर्च म्हणून धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. 'दोन दिवसांनी भरू' म्हणणाऱ्या अकाउंट्सला हे सांगा, लगेच पटतं.

पीएफ दोन्ही बाजूंनी १२-१२ टक्के, वेतनमर्यादा १५,००० रुपये. ईएसआय कामगाराचा ०.७५ आणि मालकाचा ३.२५ टक्के, पगाराची मर्यादा २१,००० रुपये. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ईएसआयचे दोन वर्गणी काळ असतात. जुलैत वाढ मिळून पगार २१,००० च्या वर गेला तरी सप्टेंबरअखेर वर्गणी कापायचीच. मध्येच बंद केली की त्या माणसाच्या घरच्यांचे उपचार अडकतात.

आता पगाराची फोड. मूळ पगार आणि महागाई भत्ता कमी दाखवून बाकी घरभाडे, प्रवास, 'स्पेशल' अशा भत्त्यांत टाकायची सवय आपल्याकडे जुनी आहे. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग परत वेतनात धरला जातो. एकूण ३६,००० पैकी मूळ आणि महागाई मिळून १५,००० असतील, तर भत्ते झाले २१,०००. निम्मं म्हणजे १८,०००. वरचे ३,००० वेतनात येऊन वेतन ठरलं १८,०००. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरत असाल तर तिथे फरक दिसणार नाही. ग्रॅच्युइटीला दिसेल. त्यामुळे ग्रॅच्युइटीची तरतूद कमी पडतेय का, हे अकाउंट्सकडून आत्ताच तपासून घ्या.

किमान वेतनाचा विशेष भत्ता सहा महिन्यांनी बदलतो, तो न चुकता तपासा. कामगार कल्याण निधीची कपात जून आणि डिसेंबरला. ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि पगारपत्रकातच दाखवा. वेगळ्या वहीवर रोख दिलेला ओव्हरटाइम न्यायालयात दिला नाही असाच धरला जातो.

४. ठेकेदार आणि 'ब्रेक'

'दोनशे चाळीस दिवस व्हायच्या आत ब्रेक द्या.' हे वाक्य तुम्ही पहिल्या महिन्यात ऐकाल. माणूस तोच, मशिन तेच, मध्ये आठ दिवस घरी बसवायचं आणि नव्या नेमणूकपत्रावर परत घ्यायचं. हे करू नका, आणि करायला सांगितलं तर काय होईल ते लेखी कळवा. कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, ज्याला आपण सगळे 'पल्प' म्हणतो. केंद्राने रद्द केलेल्या २९ कायद्यांत तो नाही. कामगारांना कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही त्याच्या चौथ्या परिशिष्टात अनुचित कामगार प्रथा आहे. असं प्रकरण औद्योगिक न्यायालयात जातं, आणि तिथे ब्रेकच्या तारखांचा तक्ताच कामगाराचा पुरावा बनतो. तो तक्ता तुमच्याच सहीचा असतो.

काम खरंच ठरावीक मुदतीचं असेल, समजा एका ऑर्डरपुरतं, तर मुदतीची नेमणूक करा. तिची सोय कायद्यात आहे. अशा कामगाराला पगार आणि सवलती कायम कामगारासारख्याच द्याव्या लागतात, आणि वर्षभर काम झालं की ग्रॅच्युइटीही.

ठेकेदाराबाबत एक नियम पाळा: त्याचं बिल मंजूर करण्यापूर्वी मागच्या महिन्याचं पीएफ-ईएसआय चलन आणि नावानिशी यादी घ्या, आणि ती नावं तुमच्या गेटवरच्या हजेरीशी जुळवा. त्याने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येते. शिवाय ठेक्याच्या माणसाला रोजचं काम तुमचा सुपरवायझर सांगत असेल, रजा तोच देत असेल, तर ठेका नावापुरताच आहे असं म्हणायला जागा राहते.

५. खाडा

कोल्हापूरच्या कारखान्यात शिस्तीची सर्वाधिक प्रकरणं चोरी-मारामारीची नसतात. ती खाड्याची असतात.

आपला कामगार निम्मा शेतकरी असतो. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागलच्या गावांतून तो मोटारसायकलवर येतो. ऊसतोडीची टोळी त्याच्या फडात कधी येईल हे साखर कारखान्याची चिठ्ठी ठरवते, आणि टोळी आली की त्याला रानात थांबावंच लागतं. पेरणी, गावची जत्रा, जोतिबाची यात्रा, म्हैस व्यायली, ही सगळी त्याच्या घरची खरी कामं आहेत. मोल्डिंग लाइनवर चार माणसं कमी पडली की प्रॉडक्शन मॅनेजर तुमच्या केबिनमध्ये येऊन ओरडतो, तेही खरंच. दोघांमध्ये तुम्ही असता.

मी आता असं करतो. गळीत हंगामाआधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, प्रत्येक खात्यात फिरून कुणाचा ऊस आहे आणि साधारण कधी जाईल ते विचारून तक्ता करतो. रजा आधी ठरते, बदली माणूस आधी सापडतो. भरपगारी रजा वीस दिवसांच्या कामाला एक या हिशेबाने साठते. पूर्वी ती मिळायला वर्षात २४० दिवस भरावे लागत, नव्या संहितेत १८० दिवस पुरतात. बऱ्याच कामगारांना हे माहीत नाही, त्यांना सांगा. एवढ्या एका तक्त्याने आमच्याकडचे विनापरवाना खाडे डोळ्यांना दिसतील इतके कमी झाले.

तरीही कुणी न सांगता राहिलाच तर:

तिसऱ्या दिवशी फोन करा आणि कुणाशी काय बोलणं झालं ते रजिस्टरला लिहा. घरी माणूस पाठवता आला तर पाठवा. माझ्या पहिल्या प्रकरणात एवढं केलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. आठवड्याने मराठीत पत्र: अमुक तारखेपासून गैरहजर आहात, अमुक तारखेपर्यंत हजर व्हा किंवा कारण कळवा. उत्तर नाही आलं तर दुसरं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्टने पाठवून पोच घ्या. पाकीट परत आलं तर ते न फोडता, पोस्टमनच्या शेऱ्यासह फाइलला लावा. दुसऱ्या पत्रानंतरही शांतता असेल तर आरोपपत्र आणि चौकशी.

नाव परस्पर कमी करायचं नाही. स्थायी आदेशात 'आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिल्यास हक्क आपोआप संपेल' असं छापलेलं असलं तरी नाही. डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नेमकं हेच सांगितलं: म्हणणं न ऐकता असं नाव काढणं नैसर्गिक न्यायाला सोडून आहे. त्या कामगाराला निम्म्या मागील पगारासह परत घ्यायचा आदेश झाला होता. मी लाल शाईने मस्टर भरला तेव्हा हा निकाल येऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि मी तो वाचलेला नव्हता.

६. घरगुती चौकशी

घरगुती चौकशी म्हणजे कारखान्याने स्वतःच केलेली शिस्तीची चौकशी. या पायरीवर घाई कराल तर बाकी सगळी मेहनत वाया जाईल.

पुण्याच्या भारत फोर्जमध्ये १९८३ साली एक कामगार पाळीत झोपलेला सापडला. आधी तीन वेळा गैरवर्तनाच्या शिक्षा झालेल्या होत्या. रीतसर चौकशी होऊन त्याला बडतर्फ केलं गेलं. खालच्या न्यायालयांत निकाल फिरत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली ती जानेवारी २००५ मध्ये. एकवीस-बावीस वर्षांनी कंपनी उभी राहिली ती चौकशीच्या कागदांवर आणि मागच्या नोंदींवर. तुमच्या आजच्या कागदाला एवढं आयुष्य लागू शकतं.

*तक्रार.* घटना घडली त्याच पाळीत सुपरवायझरकडून लेखी घ्या: तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कुणी पाहिलं. 'उद्धट वागला' याला काही अर्थ नाही. नेमके शब्द लिहायला सांगा, शिवी असेल तर शिवीसुद्धा.

*खुलासा.* कारणे दाखवा नोटीस द्या आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. खुलासा पटला तर प्रकरण तिथेच थांबवा आणि थांबवलं असं लेखी कळवा.

*निलंबन.* गरज असेल तरच. निर्वाह भत्ता पहिले ९० दिवस ५० टक्के, पुढे कामगारामुळे उशीर झालेला नसेल तर ७५ टक्के. भत्ता दर महिन्याला पगाराच्याच दिवशी द्या. उपाशी माणसाकडून बचावाची अपेक्षा करता येत नाही, आणि भत्ता थकवलेली चौकशी न्यायालयात टिकत नाही. निलंबन असेल तर चौकशी ९० दिवसांत संपवायचा कायद्याचा रोख आहे.

*आरोपपत्र.* मराठीत. एकेक आरोप वेगळा, स्थायी आदेशातल्या कलमासह, कागदांच्या प्रती जोडून. 'तुम्ही चोरी केली असल्याने' असं लिहिलंत तर तुम्ही आधीच निकाल दिला असं होतं. 'केल्याचा आरोप आहे' असं लिहा. घ्यायला नकार दिला तर दोन साक्षीदारांसमोर तसं लिहून ठेवा आणि स्पीड पोस्टने घरी पाठवा.

*चौकशी अधिकारी.* ज्याने तक्रार केली, ज्याने पाहिलं किंवा ज्याचं कामगाराशी बिनसलंय, तो नको. बहुतेक कारखाने बाहेरचे वकील नेमतात. तसं असेल तर कामगारालाही तोडीचा प्रतिनिधी मिळतोय ना ते पाहा. सहकारी कामगार आणायची त्याला मुभा द्या, आणि त्या सहकाऱ्याचा पगार कापू नका.

*सुनावणी.* आधी कंपनीचे साक्षीदार, मग कामगाराने घेतलेली त्यांची उलटतपासणी, मग कामगाराचे साक्षीदार. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, आणि त्याच दिवशी कामगाराला प्रत. त्याने तारीख मागितली आणि कारण बरं असेल तर द्या. एक तारीख वाचवण्यापायी अख्खी चौकशी रद्द झालेली मी पाहिली आहे.

*अहवालानंतर.* अहवालाची प्रत त्याला द्यावीच लागते. त्यावर त्याचं म्हणणं घ्या, मग शिक्षेची नोटीस. मागची वर्तणूक शिक्षेत धरणार असाल तर ती नोटिशीत तारखांसह लिहा. मगच आदेश. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने असावी. बारा वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्या माणसाला एका भांडणावरून काढलं तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं आणि करतं.

आणि आता पहिल्या दिवशी केलेली ती प्रकरणांची यादी काढा. समेट किंवा खटला चालू असेल आणि हा कामगार त्यात संबंधित असेल, तर बडतर्फीबरोबर एक महिन्याचा पगार देऊन त्याच प्राधिकाऱ्याकडे मंजुरीचा अर्ज करावा लागतो. हे विसरल्यामुळे चांगली चौकशी फुकट जाते.

'एवढं करण्यापेक्षा राजीनामा लिहून घेऊया' असं सुचवलं जाईल. केबिनमध्ये चार जणांनी घेरून घेतलेला राजीनामा हा राजीनामा नसतो. तुम्ही त्या खोलीत उभे राहू नका.

७. महिला तक्रार समिती

'आमच्याकडे दहा बायका नाहीत, समिती कशाला?' हा गैरसमज मी शिरोलीपासून कागलपर्यंत ऐकलाय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात दहा म्हणजे एकूण दहा माणसं. कोअर शॉपमध्ये चार बायका आणि ऑफिसात एक असली तरी समिती हवी. अध्यक्ष तिथलीच वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची, या क्षेत्रातली जाणकार. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, समिती कारण नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत. समेट फक्त तिने मागितला तर, आणि पैशांवर कधीच नाही. ठेकेदाराकडची सफाईवाली मावशीसुद्धा तक्रार करू शकते.

तुमच्याकडे कुणी रडत आली तर ऐका, पाणी द्या, आणि तक्रार लिहायला मदत करा. तुम्ही स्वतः चौकशी करू नका. दोघांना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' तर मुळीच नको. नाव बाहेर फुटणार नाही याची काळजी घ्या. गेटवरचा चहावाला दुपारपर्यंत सगळं जाणतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

८. पूर आणि अपघात

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं आणि शिरोलीकडची वाहतूक बंद पडली. निम्मे कामगार घरात किंवा छावणीत, निम्मे कारखान्यात अडकलेले. त्या दिवसांचा पगार काय, यावर नंतर महिनाभर वाद झाले. मे महिन्यातच मालकांकडून लेखी धोरण मंजूर करून घ्या: रस्ता बंद असलेले दिवस रजेत धरायचे, भरपगारी द्यायचे की पुढे सुट्टीच्या दिवशी काम करून भरून काढायचे. कामगार गेटवर आला आणि पुरामुळे काम देता आलं नाही, तर तो ले-ऑफ ठरतो आणि मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई लागते. तो येऊच शकला नाही, ही वेगळी गोष्ट. दोन्हींच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

अपघात झाला की आधी दवाखाना, मग त्याच दिवशी अपघात रजिस्टर आणि ईएसआयचा अहवाल. 'घरी पडला असं लिहा' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, त्याची आयुष्यभराची पेन्शन त्या एका ओळीवर अवलंबून असते. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही नोकरीशी संबंध असेल तर धरला जातो.

९. युनियन आणि लेबर ऑफिस

युनियनच्या पुढाऱ्यांना प्रकरण पेटायच्या आधी भेटा. २० किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार निवारण समितीत दोन्ही बाजूंचे सारखे सदस्य घ्या आणि ती खरोखर बसवा. बोनसची बोलणी गणपती झाल्यावर लगेच सुरू करा. ८.३३ टक्के किमान आणि २० टक्के कमाल ही कायद्याची चौकट, आणि ३० दिवस काम केलेल्यालाही बोनस लागतो. पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर नव्या संहितेत तो संपच धरला जातो, हे दोन्ही बाजूंना माहीत असलेलं बरं.

सहायक कामगार आयुक्तांकडची नोटीस आली तर पहिल्या तारखेला स्वतः जा, कागद घेऊन. 'पल्प'खालची तक्रार ९० दिवसांत करायची असते. बडतर्फीसारखी प्रकरणं कामगार न्यायालयात आणि बाकीची औद्योगिक न्यायालयात. दोन्ही कोल्हापुरात आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही इथेच बसतं. पूर्वी मुंबईची गाडी परवडत नाही म्हणून कामगार मध्येच लढा सोडायचा, आणि काही कंपन्या त्यावरच हिशेब मांडायच्या. तो हिशेब आता चालणार नाही, आणि मला त्याचा आनंद आहे.

१०. माणूस जातो तेव्हा

राजीनामा लेखी घ्या, मंजुरी लेखी द्या. राजीनामा असो, कपात असो की बडतर्फी, देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. स्टोअर, टूल रूम आणि कँटीनची 'ना देय' प्रमाणपत्रं माणूस जायच्या आधीच्या आठवड्यात गोळा करायला लागा.

ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष. शेवटचं वेतन २०,८०० आणि नोकरी १२ वर्षं असेल तर १,४४,००० रुपये. हा हिशेब कागदावर मांडून त्याच्या हातात द्या, समजावून सांगा.

पीएफ पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरा. ही एक नोंद राहिली म्हणून पैसे काढता न आलेले, दुसऱ्या गावी गेलेले कामगार वर्षानंतर फोन करतात, आणि तोवर तुमच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असतं. अनुभवाचा दाखला, पगाराच्या शेवटच्या तीन पावत्या आणि यूएएन लिहिलेली चिठ्ठी एका पाकिटात घाला आणि पाकीट त्याच्या हातात देऊन पोच घ्या.